भोंग्यावरचं नाव

सोयाबीनच्या मळणीचा धुरळा रस्त्यावर यायला लागला की मी धास्तावते. परंड्याहून शाळेच्या गावाला जाताना दोन्ही बाजूंच्या रानांत मळणीयंत्रं धडधडत असतात, हवेत भुसकट उडत असतं, डोळे चुरचुरतात. अशात कुणीतरी मोटारसायकलवरून जाता जाता सहज म्हणतं, “बाई, घट बसायला आले की.” एवढ्यानं माझे तळहात गार पडतात. नवरात्र म्हटलं की लोकांना उपासाचे पदार्थ आठवतात, माहेर आठवतं, नवी साडी आठवते. मला भोंगा आठवतो.

शाळेत माझी यावरून भरपूर चेष्टा होते. “साहेब तपासणीला आले तरी तुम्ही ढिम्म, आणि देवीच्या सणाला घाबरता?” असं आमचे मुख्याध्यापक विचारतात. मी हसून वेळ मारून नेते. दरवर्षी या दिवसांत रजा काढून तुळजापूरला जाते, हे त्यांना माहीत आहे. देवदर्शनाला जाते असा त्यांचा समज आहे, आणि तो अगदीच चूक म्हणता येणार नाही.

मी मुळातच भित्री. पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, गणिताच्या सरांच्या चपलांच्या आवाजाला भ्यायचे. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तू पुढं पळशील तसा तोही पळेल. तरी मी पळतच राहिले. पळत पळत तुळजापूरच्या कॉलेजात येऊन पोचले आणि तिथं शबाना भेटली. शबाना नळदुर्गची. तिला कशाचीच भीती वाटत नसे, आणि दुसऱ्याला वाटते याचं तिला खरोखर नवल वाटे. वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी होत्या. एका संध्याकाळी ती म्हणाली, “चल, पोरांकडं जायचंय,” आणि कुठली पोरं, कशाला, हे विचारायच्या आत मी तिच्या मागं चालत होते.

कॉलेजातल्या काही मुलामुलींनी मिळून चालवलेला तो उद्योग होता. एका जुन्या धर्मशाळेचा ओटा नवरात्रापुरता मागून घेतलेला. देवळाच्या रस्त्यावर दिवसभर फिरणाऱ्या मुलांनी तिथं यावं, नळावर तोंड धुवावं, पडावं, खेळावं, भांडावं. गर्दी वाढली की अशी मुलं गावात खूप दिसायची. कुणाची आई परडी घेऊन जोगवा मागायची, कुणाचा बाप संबळ वाजवायचा, कुणाचे आईबाप कवड्यांच्या माळा विकायचे, आणि काहींचं कोण होतं ते आम्हांला कधीच कळलं नाही. ते विचारायचं नाही, हाच आमचा पहिला नियम होता. बिचारं म्हणायचं नाही. फोटो काढायचा नाही. उभं राहून वरून बोलायचं नाही. बोलायचं तर उकिडवं बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन बोलायचं. पहिल्या आठवड्यात उकिडवं बसून माझ्या पोटऱ्या भरून आल्या. पोरांनी ते बरोबर हेरलं आणि मुद्दाम चार-चारदा हाक मारून मला बसवायला लागली. मी कुत्र्याला भिते हेही त्यांना लगेच कळलं. माझं नाव पडलं घाबरीताई.

तेव्हाचा वास अजून नाकात आहे. फुटलेल्या नारळांचं आंबूस पाणी, ओलं कुंकू, पायऱ्यांवर तुडवलेला झेंडू, देवीपुढं पेटवलेल्या पोताच्या तेलाचा धूर. आश्विनातलं ऊन डोक्यावर आणि मध्येच कुठूनतरी येणारी चुकार सर, मग दगड नुसते वाफाळायचे. सगळीकडून “आई राजा उदो उदो” असा गजर उठायचा, आणि तो इतका मोठा असायचा की आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसे. माणसं त्यात विरघळून जात. मी मात्र भिंतीला पाठ लावून उभी राहायचे आणि हाताशी असलेली पोरं पुन्हा पुन्हा मोजायचे.

त्या पोरांमध्ये एक मुलगी होती. इथं तिला रेणू म्हणते. ते तिचं तेव्हाचं नाव नव्हे.

नऊ-दहा वर्षांची असेल. हातात पितळेची ताटली, ताटलीत कुंकू, काखेला तीन वर्षांचा भाऊ. पायऱ्या उतरणाऱ्या माणसाच्या कपाळावर ती इतक्या झटकन बोट टेकवायची, की नको म्हणायच्या आत तो माणूस भक्त झालेला असायचा. नाव विचारलं की सांगायची, “भवानी.” पायऱ्यांवरच्या सगळ्याच पोरी भाविकांना भवानी नाहीतर अंबिका असं नाव सांगत. त्यानं बाया खूश होत, हात जोडत. खरं नाव वेगळं असायचं आणि ते आपसातच राहायचं. ते बाहेरच्याला सांगितलं की तो आपल्याला हाक मारू शकतो, आणि हाक मारणारा माणूस पकडूही शकतो, असं साधं गणित होतं त्यांचं.

रेणूनं मला तिचं नाव सांगितलं तो प्रसंग अगदी किरकोळ होता. ओट्याच्या कठड्यावर एक पाल आली आणि मी किंचाळले. तिनं पाल हुसकली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “घाबरीताई, म्या पण भिते. पालीला न्हाय. गाडीला.” आणि मग, का कोण जाणे, तिनं आपलं नाव सांगितलं. मला फार मोठं बक्षीस मिळाल्यासारखं झालं. गाडीचं मात्र मी फारसं मनावर घेतलं नाही.

ही गाडी पोरांच्या बोलण्यात सारखी असायची. कधी ती निळी, कधी पांढरी, कधी तिला जाळी असायची. रस्त्यावरची पोरं ती उचलून नेते, लांब कुठंतरी ठेवते, आणि मग आई सापडत नाही. कुणी ती पाहिली होती, तर कुणाच्या चुलतभावाला तिनं नेलं होतं. त्यात खरं किती, खोटं किती, मला आजही सांगता यायचं नाही. आम्ही तिला बागुलबुवा समजायचो आणि आपापसांत हसायचो.

अष्टमी जवळ आली की पायऱ्यांवरच्या पोरींचा भाव वधारायचा. त्या दिवशी कुमारिका जेवू घालायची असते. घरी पुतण्या-भाच्या असतात. इथं लॉजवर उतरलेल्या बाईनं कुमारिका कुठून आणायची? मग पायऱ्यांवरून एखादी पोरगी बोलावून नेत. तिला पाटावर बसवत, परातीत तिचे पाय धूत, ते पाणी डोळ्यांना लावत, कुंकू लावून गजरा माळत, पुरी आणि खीर वाढत. सप्तमीला “लांब हो गं” म्हणणारी बाई अष्टमीला त्याच पोरीच्या पायावर डोकं टेकवते, आणि नवमीला पुन्हा लांब हो. पोरींना यात काही वावगं वाटत नसे. पाय धुऊन घेताना गुदगुल्या होतात, एवढीच त्यांची तक्रार. आम्हांला मात्र अनोळखी माणसाच्या खोलीत एकटी पोरगी जाते, याची धास्ती वाटायची. म्हणून ठरवलं होतं की जायचं तर दोघींनी मिळून जायचं, आणि आमच्यातलं कुणीतरी दाराबाहेर थांबायचं.

त्या वर्षीच्या अष्टमीला दुपारी मी ओट्यावर होते. समोरून रेणूचा भाऊ एकटाच चालत आला. त्या गर्दीत तो एकटा कसा आला, हे मला अजून कळलेलं नाही. एका हातानं ताटली ओढत होता, दुसऱ्या हातात सोललेलं केळ होतं.

“तायडी कुठाय रे?” मी विचारलं.

“बाईच्या गाडीत ग्येली,” तो म्हणाला आणि केळ खायला लागला.

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी तिथंच खाली बसले आणि त्या पोराला घट्ट धरून ठेवलं. माझी नजर त्या केळावरून हटेना. लहान भावाला केळ द्यायचं आणि बहिणीला गाडीत घालायचं, अशा बातम्या मी वाचल्या होत्या, आणि आता ती बातमी माझ्या मांडीवर बसून केळ खात होती.

शबाना धावत आली. “रडू नको गं, पैले बघू तरी,” ती म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता. तिला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं आणि माझा उरलासुरला धीर सुटला. आम्ही पायऱ्या पालथ्या घातल्या. महाद्वारापासून खाली बस स्टँडपर्यंत पळालो. रेणूचा परकर हिरवा होता; प्रत्येक हिरवा परकर दिसला की तिकडं धावायचो. जवळ जाऊन बघावं तर दुसरीच कुणी. शेवटी, हरवलेल्या माणसांसाठी जो मंडप घातला होता तिथं गेलो. दिवसभर भोंग्यावर नावं चाललेलीच होती. कुणाची सासू, कुणाचा मुलगा. नाव पुकारलं की जरा वेळानं ते माणूस रडत किंवा रागावत येऊन उभं राहायचं. यंत्रणा चांगली चालली होती. माइकवरच्या तरुणानं मला पाणी दिलं, धीर दिला आणि विचारलं, “नाव काय मुलीचं? खरं नाव सांगा, ताई. नाहीतर तिला कसं कळणार?”

मी सांगितलं. अशा वेळी आणखी काय करणार?

भोंग्यावर तिचं नाव आलं. वय, हिरवा परकर, कुंकवाची ताटली, आणि शेवटी, “जिथं असेल तिथून पोलीस मदत केंद्राजवळ यावे.” गावातल्या प्रत्येक खांबावरून ते नाव घुमलं, डोंगराकडून परत आलं, पुन्हा घुमलं. मला जरा हायसं वाटलं.

आणि मग मी पायऱ्यांकडं बघितलं. पायऱ्यांवर एकही पोर नव्हतं. भाविकांची गर्दी तशीच होती, गजर तसाच होता, पण कुंकवाच्या ताटल्या, माळा, हात पुढं करणारी, पाय ओढणारी, खिदळणारी पोरं जणू कुणी पुसून टाकली होती. आम्ही ओट्याकडं पळालो. ओटा रिकामा होता. अर्धवट टाकलेला सागरगोट्यांचा डाव, लोळत पडलेली गोधडी, नळ चालू. आमच्यातला एक मुलगा वेड्यासारखा उभा होता. तो म्हणाला, “भोंग्यावर नाव आलं आणि सगळी उठून पळाली. ‘गाडी आली’ म्हणत.”

ज्या पोराची आई मंडपात बसून वाट बघते, त्याला भोंग्यावर आपलं नाव ऐकून बरं वाटतं. या पोरांना भोंगा कधीच बोलवत नव्हता. पोलीस, खरं नाव आणि सगळ्या गावभर पुकारा, या तिन्हींचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. मला हे तिथं, त्या चालू नळाशेजारी उभं राहून समजलं, आणि दुपारपासून वाटत होती त्याहून मोठी भीती मला तेव्हा वाटायला लागली.

थोड्या वेळानं एक बाई आम्हांला शोधत आली. बार्शीकडची, जरीची साडी, कपाळावर मळवट, डोळे रडून लाल. ती लॉजवर उतरलेली. रेणूला तिनंच नेलं होतं, लेकरू उन्हात चालू नये म्हणून गाडीत बसवून, आणि आमचा नियम ठाऊक नसल्यानं एकटीलाच. जेवणाच्या ओढीनं रेणू बसली; भावालाही बाई चल म्हणाली, तो गाडीला बिचकून पळाला, म्हणून त्याच्या हातात केळ दिलं. बस, एवढंच घडलं होतं. “पाय धुतले, पान वाढलं,” बाई सांगत होती. “पहिला घास तोंडात आणि तो भोंगा. ताटावरून उठली हो. ओल्या पायानं जिना उतरून गेली. मी मागं पळाले तर आणखीच पळाली. भरल्या ताटावरून कुमारिका उठून गेली, आता मी घरी काय सांगू?”

दुपारी रेणू हरवलेली नव्हती. ती पुरी आणि खीर खात होती. आता मात्र ती खरोखर हरवली होती.

तिच्या आईला मीच सांगायला गेले. लक्ष्मीमावशी उमरग्याच्या पलीकडची, सीमेवरची. कवड्यांची माळ गळ्यात, हातात परडी. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त कानडीत “यव्वा”, आई गं, असं म्हणून खाली बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुमी तिचं नाव कशापायी घेतलं वो भोंग्यावर? आता ती गावात ऱ्हायची न्हाय. मिळंल त्या गाडीत बसून जाईल.”

“आपण पोलिसांत—” मी म्हणायला लागले.

“नगं. आता नाव घिऊ नका तिचं.” ती उठली. “माझा आवाज वळखती ती. जोगवा म्हणत हिंडू. पर परडी एका हातात, तुणतुणं एका हातात. पदर कोण पसरंल?”

तिच्याबरोबर नेहमी रेणूच पदर पसरायची. मी म्हटलं, मागायचं कशाला, नुसतं गाणं म्हणत फिरू. त्यावर तिनं माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं. “आईचं नाव घिऊन दारावरनं रिकामं जायचं नसतंय, ताई. मागावं लागतंय.”

माझी स्वतःची आई नवरात्रात जोगवा मागते. पाच घरी, ठरलेल्या, ओळखीच्या, चांगली साडी नेसून. मग चहा होतो. तो नवस असतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नसतं. तरीही गल्लीच्या तोंडाशी ओढणी पसरून उभी राहिले तेव्हा माझ्या कानशिलांना घाम फुटला. मागं रेणूच्या भावाला कडेवर घेऊन शबाना. पुढं लक्ष्मीमावशी. तिचा आवाज जाडसर होता, शेवटचं अक्षर ती लांबवायची आणि अचानक सोडून द्यायची, त्या सोडलेल्या जागेत कुणी ओ देईल म्हणून. ती थांबून ऐकायची. मग पुढचं दार.

दिवेलागण होत होती. दारं उघडत, बायका मूठभर पीठ किंवा धान्य ओढणीत घालत, परडीला नमस्कार करत. माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. एक दार आमच्या मराठीच्या सरांचं निघालं. गणपतीत मी त्यांच्याकडं जेवायला गेले होते, त्यांच्या बाईंनी आग्रह करकरून वाढलं होतं. त्याच बाई बाहेर आल्या, पीठ घातलं, परडीला हात जोडले आणि आत गेल्या. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या तोंडाकडं त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्या वाईट बाई नाहीत. मीही कित्येकदा असंच पीठ घालून आत गेले असेन. पण त्या क्षणी मला वाटलं, मी आत्ता इथून नाहीशी झाले तर कुणाला सांगता येईल का, की ती पोरगी दिसायला कशी होती? रेणू गेलं वर्षभर इथं हजारो कपाळांना बोट लावत होती. तिचं तोंड त्यांच्यातल्या एकाच्या तरी लक्षात असेल का? मला हुंदका फुटला. “मागा,” लक्ष्मीमावशी म्हणाली, “थांबू नका.”

गल्ल्या संपल्या. ओढणी जड झाली. गावाबाहेर यात्रेकरूंच्या गाड्या लावायचं मैदान होतं, तिथं आलो. तिथं कुठलं दार? जीपा, टेंपो, बसगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. इंजिनं सुरू होत होती, दिवे लागत होते, गाड्या एकेक करून बाहेर पडत होत्या. जी गाडी निघे तिच्यात रेणू आहे असं मला वाटे. सोलापूरची निघाली, तिच्यात आहे. लातूरची निघाली, तिच्यात आहे. मी एका बसच्या मागं खुळ्यासारखी पळालेसुद्धा. लक्ष्मीमावशी मात्र प्रत्येक गाडीपुढं, जणू ते कुणाचं दारच असावं तशी उभी राहून, जोगवा म्हणत होती. इंजिनाच्या आवाजात तिचा आवाज बुडायचा, मग ती आणखी वर चढवायची. तिचा आवाज फाटला. तरी शेवटचं अक्षर लांबवून ती सोडतच होती आणि ऐकतच होती.

सास्तूरकडच्या बायकांची एक ट्रॉली होती. वळकट्या, गोधड्या, प्रसादाच्या पिशव्या, आणि त्यात दाटीवाटीनं बसलेल्या बायका. ट्रॅक्टर सुरू झाला होता. मावशीचा आवाज तिथं पोचला आणि गोधड्यांचा ढीग हलला. आतून रेणू निघाली. गजरा अजून केसांत होता. ट्रॉलीवरून उडी टाकून ती आईच्या कमरेला जाऊन चिकटली, ती इतकी की परडी कलंडली आणि तिच्यातलं कुंकू दोघींच्या अंगावर सांडलं.

ट्रॉलीतली एक बाई वरून म्हणाली, “येऊन गोधडीत शिरलं लेकरू. आमी काय इचारलं न्हाय. भ्यालेल्याला काय इचारायचं?”

मी जवळ गेले. नियमाप्रमाणं उकिडवी बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीला. तिनं मला बघितलं आणि आईच्या मागं सरकली. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि ती माझी होती. जन्मभर मी दुसऱ्यांना भीत आले. कुणी मला भिईल, हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं. मला तिला सांगायचं होतं की तू सापडलीस, मी किती रडले, किती फिरले. मी उठून दोन पावलं मागं सरले.

“गाडी कुठाय?” तिनं आईला विचारलं.

“गाडी न्हाय,” आई म्हणाली. “कुठंच न्हाय.”

पोरं हळूहळू परत आली. कुणी दुसऱ्या दिवशी, कुणी दसऱ्याला, काही आलीच नाहीत. आम्ही भोंग्याचा नाद सोडला. पोर दिसेनासं झालं तर कुणाला विचारायचं, कुठल्या आईच्या कुठल्या गाण्याला कोण ओ देतं, हे आम्ही त्या आयांकडून शिकून घेतलं. लॉजवाल्यांशी बोललो, अष्टमीला कुमारिका न्यायची तर ओट्यावर या म्हणून सांगितलं. हे सगळं आजही चालतं, नवी मुलंमुली येतात, उकिडवं बसून त्यांच्याही पोटऱ्या भरून येतात. शबाना आता नळदुर्गला असते, दोन लेकरांची आई आहे, आणि तिला म्हणे हल्ली पालीची भीती वाटते.

रेणू पौर्णिमेला आली. सोलापूरहून चालत आलेल्या माणसांनी गाव फुलून गेलं होतं, आम्ही ओटा आवरत होतो. ती लांबच उभी राहिली. मी जागच्या जागी खाली बसले आणि जवळ गेले नाही. मग ती म्हणाली, “म्या नाव बदललंय.”

“बरं केलंस,” मी म्हटलं. “काय ठेवलं?”

“तुमाला न्हाय सांगायचं.”

रागानं म्हणाली असती तर सोसलं असतं. ती अगदी साधेपणानं म्हणाली. मग पुढं आली, माझ्या कपाळावर बोट टेकवलं, जसं कुणाही भाविकाच्या टेकवते तसं, आणि पुढच्या कपाळाकडं गेली.

पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा ती नसेल म्हणून जीव मुठीत घेऊन गेले. ती होती. मी विचारलं, “यंदा?” ती म्हणाली, “न्हाय.” त्याच्या पुढच्या वर्षीही न्हाय. मग तो आमचा दरवर्षीचा पाठच झाला. मी परंड्याहून यायचे, ती पायऱ्यांवर असायची, मी भुवई उंचावायची, तिनं मान हलवायची. ताटली गेली, आईच्या माळांचं दुकान आलं, परकर जाऊन पंजाबी ड्रेस आला, भाऊ शाळेत जायला लागला. ओट्यावरच्या नव्या पोरांना ती कधी कधी गोष्टी सांगते. गाडीची गोष्टसुद्धा सांगते, म्हणते भ्यायला शिका पर जेवण सोडून पळू नका. हाक मारायची वेळ आली की मी तिला नुसतं “अगं” म्हणते. दरवर्षी रस्ताभर मला तीच धास्ती असते, की यंदा ती जागा रिकामी असेल. एवढ्याशा दुकानाचं काय, उद्या उठवलं तर उठलं, आणि तिला शोधायची म्हटली तर मी कुणाला काय विचारणार होते?

मागच्या वर्षी अष्टमीला मी दुकानाशी उभी होते. गिऱ्हाइकांची झुंबड होती, समोरून गजर चाललेला, वर खांबावर भोंगा कुणाच्या तरी सासूला बोलवत होता. माळ बांधता बांधता ती थांबली. मला खूण करून आत बोलावलं, माझ्या खांद्याला धरून कान आपल्या तोंडाशी ओढला आणि एक नाव सांगितलं.

एवढ्या गोंगाटात बरोबर ऐकलं की नाही, कळेना. खात्री करावी म्हणून मी ते उच्चारलं.

“हळू,” ती म्हणाली.